वहिनीचा डिसेंबर

“ओ बाई! आधी खाली बसा! प्रचार करायचा तर स्टँडवर उतरून करा, गाडीत चालत न्हाई!”

लातूर-नांदेड एसटीचा कंडक्टर ओरडत होता आणि आमची वहिनी दारातल्या पायरीवर हात जोडून उभी होती. नुकतीच ती गाडीत चढली होती आणि साठ माणसांकडं तोंड करून, साखर कारखान्याच्या भोंग्यानं मान खाली घालावी अशा आवाजात म्हणाली होती, “नमस्कार सगळ्यांना!” आता ती उत्तराची वाट बघत होती. मराठवाड्यात एसटीत चढून सगळ्यांना हात जोडणारा माणूस एकतर उमेदवार असतो नाहीतर दाढदुखीचं औषध विकणारा. वहिनीच्या हातात औषधाची पेटी नव्हती, त्यामुळं गाडीचा समज पक्का झाला. तिसऱ्या बाकावरचा फेटेवाला म्हातारा पुढं वाकून म्हणाला, “नमस्कार, नमस्कार. निशाणी कंची?”

“निशाणी न्हाई, काका,” वहिनी म्हणाली. “सकाळ हाय.”

यावर म्हातारा विचारात पडला. मग त्यानं खिडकीतून बाहेर पाहिलं, खरोखरच सकाळ आहे याची खात्री करून घेतली आणि शेजाऱ्याला कोपरानं ढोसून म्हणाला, “बाई खरं बोलून राहिली. कर की नमस्कार!” शेवटी सगळी गाडी नमस्कार म्हणाली, ड्रायव्हर म्हणाला, आणि तिकिटं फाडता फाडता कंडक्टरही पुटपुटला. मगच वहिनी बसली.

मी पैजेवर सांगतो, निजामाच्या अमदानीपासून आजपर्यंत लातूर आणि नांदेड या दोन जिल्ह्यांत मिळून आमच्या वहिनीएवढं अचाट माणूस झालेलं नाही. मी खोटं बोलत नाही. कधीमधी थोडं वाढवून सांगतो, पण वहिनीच्या बाबतीत वाढवायलाही जागा उरत नाही, ही माझी तक्रार आहे. ती माझ्या चुलत भावाची बायको. दादा साखर कारखान्यातला केमिस्ट. दोन वर्षांच्या करारावर जमैकातल्या एका साखर कारखान्यात गेला, सहा वर्षं राहिला आणि येताना तिथल्या ऊसवाल्या गावातली, शाळेत शिकवणारी ही बाई लग्न करून घेऊन आला. गल्लीत कुणालाच जमैका कुठं आहे ते ठाऊक नव्हतं. पण ते वेस्ट इंडीजमध्ये येतं एवढं कळल्यावर पोरांनी पहिल्याच संध्याकाळी तिच्या हातात टेनिसचा चेंडू दिला. “मला क्रिकेट येत नाही,” असं तिनं इंग्रजीत चार वेळा सांगितलं. तो विनय आहे असं सगळ्यांचं मत पडलं. शेवटी तिनं कंटाळून चेंडू नुसता परत फेकला. तो अजून सापडलेला नाही.

तिच्या देशात म्हणे माणसं असलेल्या कुठल्याही ठिकाणी पाय ठेवला की आधी सगळ्यांना नमस्कार करायचा. न करणाऱ्याच्या आईबापांनी त्याला काही शिकवलं नाही असं समजतात. ही रीत तिनं लातुरात तशीच्या तशी चालू ठेवली. दवाखान्यात गेली की बाकावर कण्हणाऱ्या पेशंटना आधी नमस्कार. बँकेत गेली की रांगेला नमस्कार. एकदा बँकेच्या साहेबानं कागदातून डोकं वर न काढता “हं, बोला” म्हटलं, तर ही काही न बोलता उभीच राहिली. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मागची रांग चुळबुळायला लागली. शेवटी साहेबानं वर पाहिलं. ही म्हणाली, “नमस्कार. आधी माणूस, मग कागुद.” त्या दिवसापासून तो साहेब हिला लांबून बघूनच खुर्चीतून उठतो. औसा रोडवरच्या शिकवण्यांना आलेल्या मुलींना ती घरी इंग्रजी शिकवायची. त्यातली धर्माबादची एक मुलगी मेसमध्ये शिरताना दोनशे पोरींना मोठ्यानं गुड मॉर्निंग म्हणाली आणि दोनशे पोरींनी उत्तर दिलं. मेसवाल्या मावशींनी हातातली पळी सोडली. त्यांना वाटलं, तपासणी आली.

तिची मराठी मंडईतल्या भाजीवालीकडून आलेली, म्हणून ती पुस्तकातली नव्हे, तर थेट मातीतली. हाव, न्हाई, लई, कशापायी! म्हणीसुद्धा ती तिकडच्या इकडं आणायची. माझी पोरगी अभ्यासाला रडायला लागली की वहिनी सांगायची, “एक एक अळकुडी, भरती टोपली!” त्यांच्याकडं अळकुड्यांसारखा एक कंद असतो, त्याची ही म्हण. आमच्या गल्लीत ती इतकी रुळली, की आता लोक ती आपल्या पणजोबांची म्हण म्हणून सांगतात.

आणि तिचा चहा! जे गरम आणि प्यायचं, ते तिच्या देशात सगळंच चहा. कोकोचा चहा, माशाच्या रश्श्याचा चहा, आणि सगळ्यांत थोर म्हणजे कारल्याच्या वेलाच्या पाल्याचा चहा. कारखान्याच्या कॉलनीत कुंपणावर माजलेला रानकारल्याचा वेल तिला पहिल्या वर्षी दिसला तेव्हा ती त्याच्यासमोर उभी राहून रडली होती, असं दादा सांगतो. लहानपणी तिच्या आईनं पोट साफ राहावं, रक्त शुद्ध राहावं म्हणून तोच पाला उकळून तिला पाजला होता, नाक दाबून. आता तिच्याकडं येणाऱ्या माणसाला ती प्रेमानं विचारायची, “चहा घेणार?” आणि लातूरचा माणूस चहाला नाही म्हणेल का? पहिल्या घोटाला शेजारच्या किराणावाल्या अण्णांचे डोळे असे झाले, की मला वाटलं हे आता शिवाचा तिसरा उघडतात. पण अण्णा वीरशैव माणूस, हलाहलाची गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या ऐकलेली, त्यांनी कप रिकामा केला, खाली ठेवला आणि म्हणाले, “साखर थोडी कमी हाय.” पुढं त्यांची साखर खरोखरच कमी झाली, आणि तेव्हापासून ते रोज सकाळी स्वतःचा कप घेऊन यायला लागले.

माणूस नवीन गावात आधी रस्ते शिकतो. वहिनी पाला शिकली. मंडईत जाऊन एकेक जुडी हातात घ्यायची, चुरगळायची, हुंगायची. माठाची भाजी बघून किंचाळली, कारण ती त्यांच्याकडं रोजच्या न्याहारीला असते. दर रविवारी नारळाच्या दुधात राजमा आणि भात एकत्र शिजवायची, आणि त्या वासानं आमच्या घरातल्या वरणाला कमीपणा यायचा. मी तोंडात बोट घालून बघत राहायचो. आठ समुद्रांपलीकडचा एक अख्खा मुलूख ही बाई लातूरच्या मंडईतून, जुडी जुडी करून, परत गोळा करत होती.

एकच गोष्ट मिळत नव्हती.

दर वर्षी डिसेंबर लागला की वहिनी मंदावायची. पहिल्या वर्षी आम्ही म्हटलं, थंडी. दुसऱ्या वर्षी म्हटलं, माहेरची आठवण. तिसऱ्या वर्षी तिला डॉक्टरकडं नेलं. त्यांनी इतकं रक्त काढलं, की तेवढ्यात एक मध्यम आकाराचा आजारी माणूस बरा झाला असता. आणि सगळे रिपोर्ट असे स्वच्छ आले, की डॉक्टरांना राग आला. दादा तर केमिस्ट, त्याचा जन्म गोडी मोजण्यात गेलेला. तो मला हळूच म्हणाला, “ऊस तोच हाय रे. पण साखरेचा उतारा घटून राहिला.”

मी एकदा धीर करून तिलाच विचारलं. तिनं मोबाईलवर एक फोटो दाखवला. गडद लाल, जाड पाकळ्यांच्या मिटलेल्या कळ्यांसारखं काहीतरी. त्यांच्याकडं त्याला सॉरेल म्हणतात. आलं-लवंग घालून ते उकळायचं, भिजत ठेवायचं, गाळून गोड करायचं. डिसेंबरात त्या लाल सरबताशिवाय घर नसतं. दारात आलेल्या प्रत्येकाच्या हातात पेला द्यायचा, ओळख असो नसो.

“मग कोकम आणू?” मी म्हणालो.

“आणलं होतं. छान हाय. पण दुसऱ्याच्या घरचं वाटतं.” मग थोडं थांबून ती म्हणाली, “भावजी, इथं सगळे मला देतात. लई देतात. पाच वर्षं झाली, मी पाहुणीच हाय. डिसेंबरात मी देणारी असते.”

मी तो फोटो लगेच माझ्या मोबाईलवर मागवून घेतला.

मी तो फोटो घेऊन लातूर पालथं घातलं. कुणी म्हणालं डाळिंबाची फुलं, कुणी म्हणालं जास्वंदीच्या कळ्या, एकानं छातीठोकपणे बुटक्या मिरच्या सांगितल्या. शेवटी मी वनस्पतिशास्त्राच्या एका प्राध्यापकांकडं गेलो. ते डबा खात होते. त्यांनी फोटो जवळ घेतला, लांब धरला, चष्मा काढला, लावला. “याचं शास्त्रीय नाव मला पाठ आहे,” ते म्हणाले. “पण हे आपल्या हवामानात येत नाही.” आणि त्यांनी भाकरीचा तुकडा अंबाडीच्या भाजीत बुडवून तोंडात टाकला.

त्याच पाचव्या डिसेंबरात वहिनीच्या बहिणीचा फोन आला. गावच्या शाळेत तिची जुनी जागा रिकामी होती. नाताळच्या आत पोचावं म्हणून तिकीट काढलं. “सहा महिन्यांसाठी,” असं दादा सगळ्यांना सांगायचा. पण सहा महिन्यांसाठी माणूस दोन बॅगा भरतो. वहिनीनं चार भरल्या. भिंतीवरचा तिच्या आईचा फोटोही काढला. तिथं पांढरा चौकोन राहिला, आणि दादा जेवताना त्या भिंतीकडं पाठ करून बसायला लागला. नोकरी सोडून तिच्यामागं जाणं त्याला या वयात जमणार नव्हतं आणि जाऊ नको म्हणायला त्याची जीभ उचलत नव्हती. पाच वर्षांपूर्वी तिनं तरी कुठं ‘तू इथंच राहा’ अशी अट घातली होती?

दादाची आई, म्हणजे आमची थोरली काकू, मुदखेडजवळ गावी असते. सासूसुनेचं भांडण असं कधी झालं नाही, कारण भांडायलाही एकमेकींचं कळावं लागतं. काकू चार शब्दांचं काम दीड शब्दात करणारी, आणि तेही पान चघळत; वहिनीला त्यातलं अर्धंच कळायचं. दिवाळीला काकूच लातूरला यायची, आणि वहिनी गावी गेली तर मे महिन्यात, रानात मातीशिवाय काही नसताना. काकूचा निरोप आला, “जायच्या आधी तोंड दावून जा म्हणावं.” हैदराबादची रेल्वे नांदेडहूनच होती, म्हणून आम्ही तिघं चारही बॅगा घेऊन चार दिवस आधी निघालो. एसटीत वहिनी चढली आणि गुपचूप जाऊन खिडकीशी बसली. मी दादाकडं पाहिलं. दादानं माझ्याकडं पाहिलं नाही.

गावी पोचलो तर घराला कडी. काकू मागच्या रानात होती. तिथं कपाशीच्या कडेकडेनं माणसाच्या वर गेलेली झाडं उभी होती, आणि काकू दोन बायका घेऊन ती विळ्यानं कापून पेंढ्या बांधत होती. सालीचा वाख काढायचा, दोर वळायचे, हे तिचं दर हिवाळ्याचं काम. झाडांना वरपासून खालपर्यंत लाल बोंडं लगडलेली.

वहिनी बांधावर थबकली. आणि मग जे झालं ते भोकरपर्यंत ऐकू गेलं असेल.

“थांबाऽऽ! कापू नका! सॉरेल! सॉरेल!”

पायातली चप्पल तिथंच टाकून ती रानात धावत सुटली. कामावरची एक बाई “साप चावला, साप!” करत दुसरीकडं पळाली. काकू विळा धरून तशीच उभी. “सरंल की,” ती शांतपणे म्हणाली. “आणखी दोन पेंढ्या ऱ्हायल्यात. वरडती कशापायी?”

वहिनीनं एका झाडाला मिठी मारली होती. बोंड तोडलं, दातानं चावलं, आणि हसत होती की रडत होती ते मला सांगता येणार नाही, कारण माझेच डोळे त्या वेळी कामात नव्हते.

“काकू, हे काय झाड आहे?” मी ओरडलो.

काकूनं माझ्याकडं असं पाहिलं, की माझं सगळं शिक्षण गळून पडलं. “अंबाडी. काय सोंग करून राहिलास? जन्मभर भाकरीसंगं खाल्लीस की!”

खाल्ली होती. मी खाल्ली होती, प्राध्यापकांनी माझ्यासमोर खाल्ली होती, आणि वहिनीनं तर पाच वर्षं आमच्या घरी खाऊन “आंबट, लई मस्त” असं सर्टिफिकेटही दिलं होतं. पण आम्ही कोवळा पाला ओळखणारे. वाढून, फुलून, लाल झाल्यावर तिचं काय होतं हे बघायला शहरातल्या कुणाला सवड होती? आणि जिला ते ठाऊक होतं, त्या काकूलाच तेवढा फोटो दाखवायचा राहिला होता. का, तर काकूला मोबाईलमधलं बारीक दिसत नाही!

त्या दुपारी वहिनीनं पदर खोचला. टोपलीभर बोंडं सोलली. तिचा हात असा चालत होता, की काकूच्या कामाच्या बायका, ज्यांनी आयुष्यभर कापूस वेचला, त्या तोंडाला पदर लावून बघत बसल्या. चुलीवर मोठं पातेलं चढलं, आलं ठेचलं, लवंगा पडल्या. साखरेऐवजी काकूनं गुळाची ढेप पुढं सरकवली. सकाळी झाकण काढलं तर आत असा रंग, की मी आजवर पाहिलेले सगळे लाल रंग नुसते गुलाबी होते असं माझं मत झालं.

पहिला पेला काकूला. काकूनं तो दोन्ही हातांनी धरला, एक घोट घेतला, डोळे मिटले. आम्ही श्वास धरून उभे. कोंबडंसुद्धा थांबलं.

“आंबट हाय,” काकू म्हणाली. “गूळ कमी पडला.”

वहिनीनं गूळ घातला. काकूनं पुन्हा घोट घेतला, पेला संपवला आणि पुढं केला. पाच वर्षांत सुनेकडं तिनं काही मागितल्याची ही पहिली वेळ. मग तोंड पुसून म्हणाली, “आमी पाला खाल्ला आन् बोंडं शेळ्यांना टाकली. हिच्या मुलखात बोंडं खाल्ली आन् पाला टाकला. दोघी बी अर्ध्याच शाण्या.” वहिनीला यातलं सगळं कळलं. ती इतकी हसली, की दादा घरातून पळत बाहेर आला.

पुढचे तीन दिवस वहिनी दारात उभी होती. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हातात पेला. पोस्टमन प्यायला, ट्रॅक्टरवाला प्यायला, ज्यांची काकूशी बांधावरून बोलाचाली बंद होती ते भाऊबंदही आले, प्यायले आणि बोलले. एक म्हातारी तिसऱ्यांदा पेला घेऊन गेली ते सुनेसाठी, असं सांगत. तिला सून नाही. गावाला कुणी सांगितलं नव्हतं, तरी त्या तीन दिवसांत वहिनीला कुणी पाहुणी म्हणून बसायला पाट दिला नाही. सगळे तिच्याकडंच मागत होते. मी ओट्यावर बसून बघत होतो, आणि एवढीशी लाल बोंडं एका माणसाला परत उभं करतात हे बघून, खरं सांगतो, मला थोडी भीतीच वाटली.

मला वाटलं होतं, आता तिकीट रद्द होईल. दादालाही वाटलं असावं. दोन दिवस तो भांग पाडून फिरत होता. पण चौथ्या दिवशी वहिनी निघाली. चारही बॅगा निघाल्या. नांदेडच्या स्टेशनवर तिनं अख्ख्या डब्याला नमस्कार केला आणि अख्ख्या डब्यानं उत्तर दिलं. दादा तिला हैदराबादला विमानापर्यंत सोडायला गेला. गाडी गेल्यावर मी तिथं बराच वेळ कोण जाणे कशाची वाट बघत उभा राहिलो, आणि मग गावी परतलो. काकू एकटी असेल म्हणून, असं मी स्वतःला सांगितलं.

काकू अंगणात होती. बाजेवर जुनं लुगडं अंथरलेलं, त्यावर उरलेली सगळी बोंडं वर्षभर टिकावीत म्हणून वाळायला पसरलेली, आणि ती वाकून एकेक बोंड उलटं करत होती. मी ओट्यावर बसलो. पाणी प्यायलो. विचारू नये ते शेवटी विचारलंच.

“काकू, येईल का गं वहिनी परत?”

काकूनं हातातलं बोंड उलटं केलं.

“रोज पलटत जा म्हणून सांगून गेलीया,” ती म्हणाली.